जुन्या हवेलीतलं कला केंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हवेलीत चालणाऱ्या कला केंद्रात मी बरीच वर्षं काम केलंय. वर्ग घेतलेत, प्रदर्शनं मांडलीत, आणि त्याहून जास्त वेळ गळक्या पन्हळी आणि फुगलेली दारं यांच्यामागे घालवलाय. दाराशी, फोनवर, वर्ग सुटल्यावर जिन्यात लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. काही प्रश्न शिकायला येणाऱ्यांचे आहेत, काही नुसतं घर बघायला येणाऱ्यांचे, तर काही ‘आमच्याकडेही असंच एक घर पडून आहे, त्याचं काय करावं?’ म्हणणाऱ्यांचे. क्रम लावलेला नाही, लोकही क्रमाने विचारत नाहीत.

हे संग्रहालय आहे की क्लास?

दोन्ही नाही, आणि थोडं थोडं दोन्ही. संग्रहालयात घर एखाद्या तारखेला थांबवून ठेवलेलं असतं. क्लासला चार भिंती आणि बरा उजेड एवढं पुरतं. अशा केंद्रात दिवाणखान्यात प्रदर्शन असतं, शेजारच्या खोलीत जलरंगाचा वर्ग, मागच्या तबेल्यात मातीकाम, आणि घर मात्र घरच राहिलेलं असतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण शिकागोचं हल हाउस. चार्ल्स हल यांनी १८५६ मध्ये बांधलेल्या घरात १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणी राहायला गेल्या. आजूबाजूला कारखान्यांत राबणारी, निरनिराळ्या देशांतून आलेली कुटुंबं. दोघींनी घराचं दार शेजाऱ्यांसाठी उघडं ठेवलं. दोनच वर्षांत, १८९१ मध्ये, त्यांनी तिथे जी पहिली नवी इमारत उभी केली ती चित्रदालनासाठी होती. पुढे नाटक, संगीत, पुस्तकबांधणी, मातीकाम असं सगळं आलं, आणि १९०७ पर्यंत एका घराच्या तेरा इमारती झाल्या. १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या आवारासाठी त्यातलं बहुतेक सगळं पाडलं गेलं. उरलं ते मूळ घर आणि एक भोजनगृह.

मला चित्र काढता येत नाही. आलं तर चालेल का?

चालेल. येणाऱ्यांपैकी निम्मे तरी हेच वाक्य बोलत आत येतात. प्रवेश परीक्षा घ्यायची तर ती कला शाळा झाली, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

एक सुचवतो. पहिल्या दिवशी कोरा कागद आणि ‘तुम्हाला हवं ते काढा’ यापेक्षा घराचाच एखादा तुकडा घ्या. जिन्याच्या कठड्याचं वळण, कोनाड्यातली सावली, बिजागरीवर चढलेले रंगाचे थर. आमच्याकडे एक बाई तीन महिने एकच खिडकी काढत होत्या. पहिल्या चित्रात खिडकी म्हणजे चौकट आणि मधे फुली. शेवटच्या चित्रात तावदानाची काच जिथे लहरी आहे तिथे बाहेरचं झाड मोडून दिसत होतं. जुनी काच सपाट नसते, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. आम्ही त्याच खिडकीतून रोज बाहेर बघत होतो.

पण हवेलीच कशाला? साधा हॉल सोयीचा पडणार नाही का?

पडेल. सोयच बघायची तर हॉलच घ्या. सरळ भिंती, सिमेंटची जमीन, भरपूर प्लग, गाडी दारापर्यंत. हवेलीत यातलं काहीच नसतं.

तरीही कलावंत जुन्या घरांकडे ओढले जातात. त्याचं पहिलं कारण अगदी रुक्ष आहे. कुणाला नको असलेलं मोठं घर स्वस्तात मिळतं. पॅरिसमधली ओतेल बिराँ ही अठराव्या शतकातली हवेली. तिथली मुलींची शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि घर विकून पाडायचं घाटत होतं. मधल्या काळात खोल्या भाड्याने दिल्या. चित्रकार हेन्री मातीस आले, लेखक झाँ कॉक्तो आले, कवी रिल्के आले. रिल्केंनी शिल्पकार ऑगस्ट रोदँना हे घर दाखवलं आणि रोदँनी १९०८ मध्ये तळमजल्यावरच्या खोल्या घेतल्या. पुढे घर सरकारने घेतलं, भाडेकरूंना निघायला सांगितलं. रोदँ हटले नाहीत. १९१६ साली त्यांनी आपलं सगळं काम देशाला देऊन टाकलं, बदल्यात याच घरात त्याचं संग्रहालय व्हावं असं ठरलं. ते १९१९ मध्ये उघडलं, पण बघायला रोदँ नव्हते. दोन वर्षांपूर्वीच ते गेले होते.

दुसरं कारण खोल्यांचं. हॉलमध्ये चाळीस माणसं एकमेकांना बघत बसतात. घरात एक कोपऱ्यात, दोघं खिडकीशी, एखादा जिन्याच्या पायरीवर. लाजरा माणूस हॉलच्या दारातून परत जातो. घरात त्याला बसायला जागा सापडते.

वारसा वास्तू अशी रोज वापरली तर खराब नाही होत?

वापराने झिजते, पण बंद ठेवली तर मरते. हे नुसतं माझं मत नाही. १९६४ ची व्हेनिसची सनद, जिच्यावर जगभरातलं वास्तुजतन बऱ्याच अंशी उभं आहे, स्पष्ट सांगते की समाजोपयोगी वापर जतनाला मदतच करतो. फक्त त्या वापरापायी घराची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये.

बंद घरात काय होतं ते मी पाहिलंय. पन्हळीत पानं साचतात, कुणी काढत नाही. पाणी भिंतीत उतरतं. तुळईचं टोक जिथे भिंतीत बसलेलं असतं तिथे ओल धरते, ते टोक आधी कुजतं. खालून बघणाऱ्याला छताला फक्त एक तपकिरी डाग दिसतो. रोज माणसं येत असती तर त्या डागाबद्दल पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओरडलं असतं.

आमचा नियम एकच, आणि पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात : जे काही कराल ते उद्या काढून टाकता आलं पाहिजे, आणि काढल्यावर खाली घर जसंच्या तसं मिळालं पाहिजे. पार्टिशन उभं करा, पण भिंतीला न ठोकता. लाकडी जमिनीवर फळ्या घाला, पण खिळे खालच्या जमिनीत जाऊ देऊ नका. दिवे लावा, पण तारेसाठी नक्षीतून खाच पाडू नका.

भिंतीला एक साधा खिळा मारला तर काय बिघडतं?

एका खिळ्याने काही नाही. पण वर्षाला आठ प्रदर्शनं, प्रत्येकी तीस चित्रं, म्हणजे दोनशे चाळीस खिळे. चुन्याचा जुना गिलावा आतून कधी कधी भिंतीपासून सुटलेला असतो. बोटाच्या पेराने हलकेच ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. तिथे खिळा गेला की हातभर पोपडा खाली.

म्हणून चित्रं टांगायची छताखालच्या लाकडी पट्टीवरून. बऱ्याच जुन्या घरांत ती असतेच, कारण घरमालकांनाही भिंती फोडायच्या नव्हत्या. पट्टीला आकडा, आकड्याला बारीक तार, तारेला चित्र. पट्टी नसेल तर स्वतःच्या पायांवर उभे राहणारे फलक. चित्रकार कुरकुरतात की फलक मध्येच येतात. येतात खरे.

भिंतीवर ओल आणि पोपडे दिसतात. चांगला टिकाऊ रंग का मारत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुनी भिंत विटा-दगड आणि चुन्याची. ती जमिनीतली आणि हवेतली ओल थोडी शोषते, कोरड्या दिवसांत बाहेर टाकते. भिंतीचा श्वास म्हणतात तो हाच. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग चढवला की बाहेरची वाट बंद. पाणी आतच राहतं, क्षार घेऊन जिथे फट मिळेल तिथे फुटतं. शिवाय सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक. भिंत जरा हलली की सिमेंट टिकतं आणि वीट फुटते. चुना उलटा. तो विटेपेक्षा मऊ, स्वतः झिजून विटेला वाचवतो, आणि बारीक भेगा पुन्हा काही अंशी भरूनही काढतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो सावकाश घट्ट होत जातो, त्यामुळे चुन्याच्या कामाला घाई चालत नाही.

आमच्या एका खोलीत कुणी हितचिंतकाने उत्साहाने धुता येणारा चकचकीत रंग लावून दिला होता. पहिलं वर्ष खोली सुंदर दिसली. दुसऱ्या वर्षी भिंतीला फोड आले. फोड दाबला तर आत पाणी आणि पांढरी भुकटी. रंग खरवडून काढायला लावण्याच्या चौपट दिवस लागले. आता तिथे चुन्याची सफेदी आहे. अंगाला लागते, दर काही वर्षांनी द्यावी लागते, आणि भिंत कोरडी आहे.

कुठला वर्ग कुठल्या खोलीत, हे कसं ठरवता?

उजेड, वजन आणि पाणी या तिघांवरून. शिक्षकाच्या आवडीवरून ठरवलं की पस्तावायला होतं.

चित्रकलेला दिवसभर न बदलणारा उजेड लागतो. उत्तर गोलार्धात तो उत्तरेच्या खिडकीतून येतो, दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या. ऊन सहसा थेट आत येत नाही, सावली फारशी सरकत नाही.

वजनाबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो एवढ्या भारासाठी धरतात. सार्वजनिक जमावाच्या जागेला चारशे ते पाचशे किलो धरायचा रिवाज आहे. आता प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्यावर खोलीच्या मधोमध माणसं खांद्याला खांदा लावून उभी, चौरस मीटरला चार. प्रत्येकी पासष्ट किलो धरले तरी दोनशे साठ झाले. जुन्या तुळया कधी कल्पनेपेक्षा दणकट निघतात, कधी मधेच वाळवीने पोकळ. संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष बघून आकडा सांगेपर्यंत वर गर्दी करायची नाही, आणि आकडा मिळाला की तो दाराबाहेर लिहून लावायचा. छापयंत्र, दगड, भट्टी, मातीच्या गोण्या हे सगळं तळमजल्यावर, शक्यतो जिथे खाली तळघर नाही अशा ठिकाणी.

संगीताचा वर्ग आपसूक दिवाणखान्यात जातो. उंच छतामुळे आवाज फुलतो. गाण्याला छान, पण बोलण्याचा गोंधळ होतो, म्हणून तिथे व्याख्यान ठेवायचं तर आधी जाड सतरंज्या अंथरायच्या. फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीला खिडकी नसलेली कोठी सगळ्यांना सुचते. पण तिथे रसायनांची वाफ असते, बाहेर हवा फेकणारा पंखा नसेल तर नको. वापरलेल्या फिक्सरमध्ये, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनात, चांदी उतरलेली असते, तो नाल्यात न ओतता साठवून द्यावा लागतो.

भट्टी घरात ठेवता येते का?

मुख्य घरात नको. तबेला, गाडीखाना, बागेतली खोली, अशी सुटी बांधकामं असतील तिथे ठेवा. मातीचं भांडं पहिल्यांदा भाजताना साधारण हजार अंश सेल्सियस गाठावे लागतात, स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांच्या, झिलईला बाराशेच्या वर. विजेच्या भट्टीलाही स्वतःची वेगळी वायर लागते. घराच्या जुन्या वायरिंगवर ती जोडणं म्हणजे वेडेपणा. जळू शकणाऱ्या भिंतीपासून निदान दीड फूट अंतर, वर हवा खेळती. भाजताना निघणारा धूर आणि वाफा वर्गात येता कामा नयेत.

घाई करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एक आकडा पाठ करायला लावतो : ५७३. त्या अंशाला मातीतल्या गारेची रचना बदलते आणि ती एकदम फुगते, निवताना तेवढीच आकसते. तिथे घाई केली की भांडं तडकतं. भट्टी उघडायची घाईही त्यातलीच.

मातीकामानंतर बेसिनमध्ये हात का धुऊ देत नाही?

कारण आम्ही एकदा धुऊ दिले होते.

पहिलं वर्ष. मागच्या मोरीला जुना ओतीव लोखंडाचा नळ होता, तो जमिनीखालून चौकातून जायचा. रोज पंधरा माणसं हात, हत्यारं, बादल्या धुवायची. पाणी जात होतं, म्हणून कुणी विचार केला नाही. मग एक दिवस पाणी जाईना, आणि दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या मोरीतून वर आलं. चौकातल्या सहा जुन्या फरशा उचलाव्या लागल्या. नळ कापला तर आत माती इतकी घट्ट बसलेली की नळाचा आतला साचा काढल्यासारखा दंडगोल निघाला. त्यावर कुणाच्यातरी अंगठ्याएवढी वाट, तेवढ्यातून इतके महिने पाणी जात होतं. फरशांपैकी एक उचलताना दुभंगली. ती अजून तशीच बसवलेली आहे, भेग दिसते.

आता तीन बादल्या असतात. पहिलीत हाताचा आणि हत्यारांचा चिखल उतरवायचा, दुसरीत खंगाळायचं, तिसरीत शेवटचं. रात्रभर माती खाली बसते, सकाळी वरचं पाणी झाडांना, खालचा रेंदा पुन्हा वापरायला. बेसिनला फक्त स्वच्छ झालेले हात.

यातच आणखी एक. मातीच्या खोलीत केरसुणी मारायची नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की कायमचं नुकसान करते. ओलं फडकं, ओला पोछा. शिकणारा आठवड्यातून दोन तास येतो, त्याला फारसं काही होत नाही. झाडणारा माणूस रोज येतो. त्याच्यासाठी आहे हा नियम.

आगीबद्दल इतका बाऊ का?

जुनी घरं आगीला फार सोपी. लाकडी जिना म्हणजे धुराडं, भिंतींच्या आतल्या पोकळ्या म्हणजे वाटा. १९९२ मध्ये विंडसरच्या राजवाड्याला लागलेली आग एका दिव्यापासून सुरू झाली. दिव्याला पडदा टेकला होता, एवढंच. २०१४ मध्ये ग्लासगोच्या कला शाळेत, वास्तुविशारद मॅकिन्टॉश यांनी घडवलेल्या आणि १९०९ मध्ये पुऱ्या झालेल्या इमारतीत, विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाची तयारी करत होते. डब्यातून फवारायच्या फोममधला ज्वलनशील वायू तापलेल्या प्रोजेक्टरपर्यंत पोचला आणि पेटला. आग वर चढली ती हवा खेळवण्यासाठी बांधलेल्या जुन्या पोकळ्यांतून. दुरुस्ती चालू असतानाच २०१८ मध्ये त्याच इमारतीला याहून मोठी आग लागली.

दोन्हीकडे साधीच वस्तू होती. दिवा, प्रोजेक्टर. आमच्याकडे तशी साधी वस्तू म्हणजे चिंधी. तैलरंगात अळशीचं तेल असतं. ते वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि तसं करताना गरम होतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यांत ती साठते, आणि ढीग काडी न लावता पेटू शकतो. एकदा वर्ग संपल्यावर मी कचऱ्याच्या बादलीत हात घातला तर चिंध्या कोमट लागल्या. खोली थंड होती. तेव्हापासून झाकणाचा लोखंडी डबा, आत पाणी, आणि डबा रात्री घराबाहेर.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

जरूर आणा. फक्त जुन्या रंगाच्या पोपड्यांपासून लांब ठेवा. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती १९७८ साली, काही देशांत त्याच्याही नंतर. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला होतो. म्हणून मुलांच्या वर्गाच्या खोल्या आधी तपासून घ्याव्या लागतात. जुना रंग कोरडा घासायचा नाही, धूळ होते. एकोणिसाव्या शतकातल्या भिंतीवरच्या हिरव्या कागदाचं तर विचारूच नका, त्या सुंदर हिरव्यात आर्सेनिक असण्याची शक्यता असते. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये असा एक हिरवा शोधला आणि पुढची शंभर वर्षं लोकांनी तो हौसेने भिंतींना लावला.

मुलांना ‘हात लावू नको’ म्हणत फिरणं मात्र मला पटत नाही. हाताच्या घामाने पितळ काळवंडतं, कापड मळतं, हे खरं. म्हणून एक पेटी ठेवली आहे. पडलेली फरशी, तुटलेली बिजागरी, चुन्याचा ढेकूळ, जुन्या तुळईचा तुकडा. तिला कितीही हात लावा. मोठी माणसंही मुलांचं निमित्त करून तिथेच बसतात.

चाकाच्या खुर्चीवरून आत येता येतं का?

याचं उत्तर प्रत्येक केंद्राने खरं खरं द्यावं, ‘मदत करू’ असं गुळमुळीत नको. उताराचं साधं गणित एकास बारा. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब उतार. हवेलीला दाराशी तीन पायऱ्या असतात, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर, शिवाय वळायला जागा. दर्शनी बाजूला तो बसत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी मागच्या दाराने नेतात. मला ते खुपतं. मागचं दारच सगळ्यांसाठी मुख्य दार करता आलं तर सर्वांत बरं, आणि बऱ्याच घरांत ते करता येतं, कारण गाड्या लागतात त्याच बाजूला.

वरचा मजला गाठता येत नसेल तर कुठलाही वर्ग फक्त वर ठेवायचा नाही. लिफ्ट बसेपर्यंत निदान एवढं तरी.

चित्रं आहेत आणि पडदे ओढलेले. असं का?

उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही, ते साठत जातं. जलरंग, कापड, कागद यांना पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात, तैलचित्रांना दोनशेच्या. खिडकीतलं ऊन हजारोंनी मोजायचं. डोळ्यांना दोन मिनिटं द्या, दिसायला लागतं. वर्गाच्या खोल्यांत पडदे सताड उघडे असतात, कारण तिथली चित्रं अजून व्हायची आहेत.

हे घर कुणाचं होतं? त्यांच्याकडे एवढा पैसा आला कुठून?

दुसरा प्रश्न बहुधा मुलं विचारतात आणि आईवडील त्यांना गप्प करतात. गप्प करू नका.

मोठी घरं कुणाच्या तरी कष्टांवर उभी राहिली. इंग्लंडमधलं हेअरवुड हाउस अठराव्या शतकात बांधलं गेलं ते कॅरिबियन बेटांतल्या गुलामांच्या श्रमावर कमावलेल्या पैशातून. आज ते घर हे उघड सांगतं आणि त्याच खोल्यांत आजच्या कलावंतांची कामंही मांडतं. मला वाटतं कला केंद्राने यात संग्रहालयाच्या पुढे जावं. नुसती पाटी न लावता त्या प्रश्नावर काम करू द्यावं.

आम्ही एकदा मुलांना ‘या घरात कोण राहायचं?’ एवढंच सांगून कागद दिले. बहुतेकांनी मुकुट आणि मोठे झगे काढले. एका सात वर्षांच्या मुलीने मागचा अरुंद जिना काढला आणि त्यावर बादली घेतलेली बाई. तिने विचारलं, ‘हा जिना इतका उभा का आहे?’ मालकांच्या जिन्याची पायरी ठेंगणी, रुंद, नोकरांची उभी आणि वळणावर पाचरीसारखी. त्या दिवसापासून घर दाखवायची सुरुवात आम्ही मागच्या जिन्याने करतो. एका हातात भरलेली बादली द्यायची आणि चढायला सांगायचं. अर्ध्यावर सगळे गप्प होतात.

इथे भूत आहे का?

नाही. रात्री जिना वाजतो कारण दिवसभर तापलेलं लाकूड निवतं.

खर्च कसा भागतो?

ओढाताणीने. वर्गांची फी, सभासद, देणग्या, विकलेल्या चित्रांतला हिस्सा, आणि जागा समारंभांना भाड्याने देणं. शेवटच्या मार्गात पैसा सगळ्यात जास्त आणि धोकाही. समारंभ वाढत गेले की शनिवार-रविवारचे वर्ग आधी सरकतात, मग आटतात, आणि काही वर्षांत पाटी कला केंद्राची, घर मंगल कार्यालयाचं. किती दिवस द्यायचं हे वर्षाच्या सुरुवातीला लिहून ठेवावं.

आणि छताचा पैसा वेगळा काढावा. देणगीदाराला नावाची पाटी लागलेलं दालन द्यायला आवडतं. पन्हळीवर नाव कोरून घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.

आमचं जुनं घर कलेसाठी द्यायचं आहे. काय अटी घालाव्यात?

हेतू ठाम लिहा, तपशील मोकळे सोडा. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी आपलं घर १९०३ मध्ये लोकांना खुलं केलं आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मांडणी बदलायची नाही. १९९० च्या मार्चमध्ये तिथून तेरा वस्तू चोरीला गेल्या, त्यांत रेम्ब्रांटची चित्रं होती, व्हरमीरचं होतं. त्या अजून सापडल्या नाहीत. चौकटी जागच्या जागी रिकाम्या टांगलेल्या आहेत. ते बघताना अंगावर काटा येतो. पण संग्रहालयाला शोभणारा हट्ट रोज मुलं येणाऱ्या केंद्राला गळफास होतो. ‘घर विकू नये, पाडू नये, कला शिकणाऱ्यांसाठी उघडं राहावं’ एवढं लिहा. कुठल्या खोलीत काय ठेवावं हे पुढच्यांना ठरवू द्या.

देण्याआधी घराबरोबर काहीतरी निधी देता येतो का तेही बघा. नुसतं घर देणं म्हणजे हत्ती देणं आणि चारा न देणं. आणि घरातल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून द्या. कुठल्या खोलीत कोण झोपायचं, पाणी कुठून यायचं, आधी रंग कुठला होता. कागदपत्रांत हे काही नसतं.

फोटो काढले तर चालतात का?

घराचे खुशाल काढा, फ्लॅश न लावता. शिकणाऱ्यांचे आणि त्यांच्या कामाचे त्यांना विचारून. अर्धवट चित्राचा फोटो कुणी न विचारता काढला की मलाही राग येतो.

मी कलावंत नाही, पण मदत करायची आहे. काय करता येईल?

सगळ्यात जास्त गरज संध्याकाळी घर बंद करणाऱ्याची असते, आणि ते काम शिकायला एक आठवडा लागतो. वरून सुरुवात करायची. प्रत्येक खिडकीची खिट्टी हाताने दाबून बघायची, डोळ्यांवर विसंबायचं नाही. चिंध्यांचा डबा बाहेर आहे ना. बादल्यांवर झाकणं आहेत ना. भट्टी चालू असेल तर आकडा वहीत, वेळेसकट. पोटमाळ्याच्या कोपऱ्यातलं भांडं कोरडं आहे ना, नसेल तर किती बोटं पाणी आहे तेही वहीत. मागच्या जिन्याने खाली यायचं, कठडा धरून. पावसाळी हवेत मुख्य दार फुगतं, ते ओढून लागत नाही. मूठ थोडी वर उचलायची, खांदा लावायचा, आणि मग किल्ली फिरवायची.